दोन वाजताचा चोर

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाईनमन होतो. रोज संध्याकाळी डायरी भरावी लागायची: तक्रार काय, फॉल्ट कुठे, निकाली कधी. पाच वर्षांपूर्वी खात्याने घरी बसवलं आणि डायरीही सुटली. आज पुन्हा वही काढली, कारण आजपासून माझ्याकडे पुन्हा चार्ज आहे.

चार्ज असा. गावातल्या नोकरदार मंडळींनी वर्गणी करून विहाराच्या अभ्यासिकेत इंटरनेट घेतलं. कंपनीचा माणूस भिंतीवर तीन शिंगांचा पांढरा डबा ठोकून, चहा पिऊन गेला. पासवर्ड ठेवलाच नाही. तेव्हापासून वंदनेला बोलावूनही न येणारी माणसं सकाळी सहालाच विहाराच्या ओट्यावर हजर. पुंजाजीला (हा विहार समितीचा सचिव) आधी वाटलं, गावाला धम्माची ओढ लागली. जवळ जाऊन पाहतो तर सगळ्यांच्या माना मोबाईलात. आणि आत सतरा मुलंमुली भरतीचे फॉर्म भरायला बसलेली, त्यांच्या फॉर्मचं चाक आपलं फिरतंय, फिरतंय.

वर्गणीदारांच्या मंडळाच्या अध्यक्षांचा वाशिमहून फोन आला. आश्विन पौर्णिमेला वर्षावास (विहारातलं पावसाळ्यातलं ग्रंथवाचन) संपतो, तोपर्यंत सुधारणा दिसली नाही तर कनेक्शन काढून टाकू म्हणाले. पुंजाजी धावत माझ्याकडे. "इंद्रभान, तू टेलिफोनातला मानूस. डब्बा तुह्याच हवाली."

टेलिफोन वेगळा आणि हे वेगळं, हे मला माहीत आहे. पण नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही, विशेषतः मला काही येत नसतं तेव्हा.

रात्री जेवताना बायकोला, रुख्मिणीला सांगितलं, उद्यापासून वायफायला कुलूप. तिचा हात परातीत थांबला. "म्हंजे आता कोनालेच नाई भेटनार का?"

"तुले कायले पाह्यजे?"

"मले कायले पाह्यजे! इचारलं आपलं."

आमच्या घरात दोन मोबाईल, दोन्हींत सिम खात्याचंच. बोलणं होतं. चित्रबित्र दिसत नाही, दिसायची गरजही नाही. ज्या खासगी कंपनीने आमच्या तारा ओस पाडल्या तिचं सिम या उंबऱ्याच्या आत येणार नाही. आमचा एकुलता एक संघदीप पुण्याला त्याच कंपनीत लागला, तेव्हा मी त्याला सांगितलं होतं की तो शर्ट अंगात असेपर्यंत मला फोन करायचा नाही. कार्टं आज्ञाधारक निघालं. दोन वर्षं झाली, फोन नाही. सून रूपाही करत नाही. घरात त्याचं नाव निघालं की मी ताटावरून उठतो. तसा एकदाच उठलो होतो, पण तेव्हापासून कोणी नाव काढत नाही. भाजी वांग्याची होती, आणि चांगली झाली होती.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कामगिरी फत्ते. अभ्यासिकेच्या कॉम्प्युटरवरून डब्याच्या पोटात शिरलो. आत जायला नाव 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डही 'अ‍ॅडमिन'. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. आत कुलपांची यादी निघाली: डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए-टू, थ्री. मी पहिलं निवडलं. यादीत पहिलं असतं ते मुख्य, खात्यात तरी तसंच होतं.

त्याला पाच अक्षरांचा पासवर्ड हवा होता. पाच आकडे जिभेवरच होते: २५१०७. आमच्या घरचा जुना फोन. अनसिंग एक्सचेंजचे चारशे अकरा नंबर मला अजून पाठ आहेत, पण हा त्यातला पहिला. रिटायर झालो त्या दिवशी त्याची तार मी स्वतःच्या हाताने तोडली. यंत्र अजून भिंतीवर आहे. रुख्मिणी त्यावर फडकं मारते.

बटण दाबलं आणि ओट्यावरच्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. चौतीस वर्षांत असं समाधान मिळालं नव्हतं.

रात्री वरणात मीठ नव्हतं.

२० ऑगस्ट, बुधवार

पुंजाजीला एवढंच म्हणालो होतो की मुलांना पासवर्ड कळव. सकाळी वंदना झाली आणि विहाराचा भोंगा खरखरला.

"जय भीम! अभ्यासिकेतल्या समस्त विद्यार्थ्याईले कळवन्यात येते का, वायफायचा नवा पासवर्ड हाये दोन, पाच, एक, शून्य, सात. पुन्हा सांगतो. दोन, पाच…"

मी अंगावर साबण तसाच ठेवून न्हाणीतून ओरडत निघालो. विहारापर्यंत पोहोचलो तेव्हा तिसऱ्यांदा सांगणं चालू होतं. शेतात डवरणीला गेलेल्या माणसांनीही ऐकलं असणार.

पुंजाजीला काही चुकलं असं वाटतच नव्हतं. "मयत भोंग्यावर, बारसं भोंग्यावर, रेशन आलं त भोंग्यावर. मंग नोटीस काय कानात सांगू का एकेकाच्या?"

"हो, कानातच!"

"मंग ते नोटीस कायची? ते त चुगली झाली."

समोरच्या टपरीवाल्या जगदेवने दुपारपर्यंत आकडे खडूने पाटीवर लिहिले, भजी आणि चहाच्या खाली.

घरी मात्र रुख्मिणी आज खुशीत होती. भरीत फर्मास झालं होतं. दुपारी दोन वाजता विहार झाडायला गेली ती अडीचला गुणगुणत परत आली. विहार झाडायची तिला हल्ली फार हौस. चांगलं आहे, पुण्याचं काम.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

काल पासवर्ड बदलला. सतरा जणांच्या सतरा कानांत सांगितला. आज टपरीवर जगदेव निवांत क्रिकेट पाहतोय.

"कोणी सांगितला?"

"कोनीच नाई, काका. तुमी दुसरा आकडा कुठून आननार? पयले तोच टाकला, नाई लागला. मंग उलटा टाकला."

उलटाच ठेवला होता. ७०१५२.

या अपमानाच्या वेळी नेमकी ललिताबाई मागे उभी. ही अंगणवाडी सेविका, पन्नाशीची, रुख्मिणीची जिवाभावाची आणि तोंडाची फटकळ. पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बसली आहे, म्हणून अभ्यासिकेत येते. तिने हातात चिठ्ठी ठेवली. "भाऊ, पुन्याचे एक सर हायेत माह्या वळखीचे. नेटचंच काम करतात. त्याईनं फोनवर सांगतलं, म्या लिहून घेतलं."

चिठ्ठीत असं: डब्ल्यूईपीचं कुलूप वीस वर्षांपूर्वीच फुटलं आहे, ते लावणं न लावणं सारखंच. डब्ल्यूपीए-टू घ्यावं, त्याखाली एईएस निवडावं. पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या चार शब्दांचा करावा, फोन नंबराचा कदापि नको. आणि 'अ‍ॅडमिन'चा पासवर्ड आधी बदलावा, नाहीतर घराला कुलूप लावून किल्ली त्यालाच टांगून ठेवल्यासारखं होतं.

मला कोणी शिकवलेलं आवडत नाही. तरी घरी जाऊन दोनदा वाचली. माणूस मुद्द्याचं बोलतो. सगळं तसंच केलं. चार शब्द निवडले, ते इथे लिहिणार नाही. ललिताबाई अभ्यासिकेची सभासद आहे, म्हणून तिला कानात सांगितले.

३० ऑगस्ट, शनिवार

आठ दिवस ओटा रिकामा, पण जगदेवचं क्रिकेट चालूच. सरांना विचारायला सांगितलं. लगेच चिठ्ठी: डब्याच्या मागे एक बटण असतं, ते दाबलं की दोन मिनिटं कोणताही फोन पासवर्डशिवाय आत घेतला जातो. ती सोय बंद करा.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जगदेव रोज अकराला अभ्यासिकेत चहा घेऊन येतो. फुकट. जगदेवने जन्मात कोणाला फुकट पाणी पाजलेलं नाही.

आज दाराआड उभा राहून पकडला. एक हात किटलीवर, दुसरा डब्याच्या मागे.

"काय चाललंय?"

"धूळ पुसून राह्यलो, काका."

बटण बंद केलं. चहाही बंद झाला. मुलांनी तक्रार केली, चहा बरा होता म्हणे.

४ सप्टेंबर, गुरुवार

डबा मधेच अडखळतो, हे सरांना कळवलं. उत्तर आलं की नव्या सेटिंगच्या खाली जुन्या सेटिंगचा गाळ बसला आहे, सगळं पुसून पहिल्यापासून करा. पुढे लिहिलं होतं, "तार पुसल्याशिवाय जोड मारायचा नसतो, नाहीतर पावसाळाभर खरखर ऐकावी लागते."

मी उडालोच. हे तर माझं वाक्य! हाताखालच्या पोरांना हजार वेळा सांगितलं असेल, घरी जेवताना सांगितलं असेल. म्हणजे सर खात्यातलेच, जुने. मी ताबडतोब कागद घेऊन सविस्तर पत्र लिहिलं, आपण कोणत्या एक्सचेंजला होतात, साहेब कोण होते. ललिताबाईने त्याचा फोटो काढून पाठवला. फोटो काढताना ओठ दाबून धरले होते, दात दुखत असावा.

संध्याकाळी उत्तर: "खात्यात नव्हतो. पण खात्याच्या भाकरीवर वाढलो."

म्हणजे वडील खात्यात होते. उगीच नाही माणूस असा तयार झाला. बापाने लक्ष घातलं की पोरगं कुठल्या कुठे जातं. रुख्मिणीला वाचून दाखवलं आणि म्हणालो, बघ, याला म्हणतात संस्कार. ती पदराने डोळे पुसत चुलीकडे गेली. ओली लाकडं, धूर फार होतो.

९ सप्टेंबर, मंगळवार

सरांचं एक मात्र पटलं नाही. कालच्या चिठ्ठीत म्हणतात, गावासाठी पाहुण्यांचं वेगळं जाळं काढा, त्याची वेळ ठरवा, त्याचा वेग कमी ठेवा, म्हणजे मुलांचंही अडणार नाही आणि लोकांचंही. "ओट्यावर बसणारे चोर नव्हेत, त्यांचंही कोणीतरी लांब असतं."

पुण्यात बसून असं लिहायला काय जातं. आमचा ओटा पाहिला नाही त्यांनी.

जोडलेल्या फोनांची यादी कशी पाहायची ते मात्र छान समजावलं. ती पाहिली आणि दचकलो. माझी माणसं अठरा. रोज दुपारी दोन वाजता एकोणिसावा फोन आत शिरतो. अडीचला जातो. नाव नाही, नुसते आकडे आणि अक्षरं. दोन वाजता मुलं जेवायला गेलेली असतात. बरोबर वेळ साधतो हरामखोर.

त्या वेळी विहारात फक्त रुख्मिणी असते. तिला विचारलं, दोन वाजता कोणी संशयित दिसतं का?

"मले त कोनीच नाई दिसलं."

"नीट लक्ष ठेव."

"ठेवतो," म्हणाली.

११ सप्टेंबर, गुरुवार

दोन दिवस स्वतः नजर ठेवायचा प्रयत्न केला. दोन वाजता विहारात गेलो की रुख्मिणी झाडत असते आणि चोर येत नाही. मी घरी जेवायला बसलो की येतो. म्हणजे माझ्यावर पाळत आहे.

शेवटी यादीतला तो आकडा निवडला आणि 'बंद' दाबलं. आता त्याच्याकडे पासवर्ड असला तरी डबा त्या फोनाला ओळख देणार नाही. बस बोंबलत.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

चोर गेला! आज दोन वाजता कोणीही नाही. पुंजाजीला सांगितलं, तो भोंग्यावर सांगतो म्हणाला, त्याला धरून ठेवला.

रुख्मिणी अडीचला परत आली, तशीच खाटेवर पडली. पाय दुखतात म्हणे.

१७ सप्टेंबर, बुधवार

रुख्मिणी पाच दिवस विहार झाडायला गेलेली नाही. जेवण एक भाकरीवरून अर्ध्यावर. दवाखान्यात चल म्हणालो तर म्हणे, "हे दवाखान्याचं नाई." दिवसभर जुन्या लुगड्यांची लहानशी वाकळ शिवते, दोन हात लांब. कोणासाठी विचारलं तर म्हणे, "अंगनवाडीतल्या पोराईले." एका वाकळीत अंगणवाडी कशी मावणार, तिलाच ठाऊक.

घर फार गप्प झालं आहे. मी बातम्या मोठ्या आवाजात लावतो.

आज ललिताबाई तणतणत आली. "भाऊ, तो दोन वाजताचा फोन तुमी बंद केला?"

"केला."

"उघडा."

"कोणाचा आहे?"

"ते नाई सांगत मी. शपथ घातली हाये मले."

"मग नाही उघडत. नाव सांगा, ओळख पटवा, आत या. याच्यासाठीच तर एवढं सगळं केलं."

ती दाराकडे वळली. "भाऊ, चौतीस साल तुमी दुसऱ्याच्या लाईनी दुरुस्त केल्या," एवढं म्हणून गेली. मी याला कौतुक समजलो होतो. आता लिहिताना तसं वाटत नाही.

सरांची चिठ्ठीही आठ दिवसांत नाही. कामात असतील.

२१ सप्टेंबर, रविवार

आज भरतीचा शेवटचा दिवस. सतराच्या सतरा फॉर्म दुपारी बाराच्या आत गेले! रिसोडच्या नेट कॅफेत लोक पहाटेपासून रांगेत होते म्हणे, आमची मुलं पंख्याखाली बसून मोकळी झाली. अध्यक्षांचा फोन आला, कनेक्शन राहणार. वर आश्विन पौर्णिमेला माझा शाल देऊन सत्कार.

मी सांगितलं, शाल पुण्याच्या सरांना द्या. बुद्धी त्यांची, मी नुसती बोटं चालवली. ललिताबाईला निरोप दिला की सरांना कार्यक्रमाला बोलवा, येण्याजाण्याची आणि जेवणाची व्यवस्था माझ्या घरी.

घरी येऊन रुख्मिणीला आनंदाने सांगितलं की सर आपल्याकडे जेवायला येतील. तिने सुई वाकळीत खोवली आणि म्हणाली, "त्याले काय आवडते ते तरी मालूम हाये का तुमाले?"

आता परक्या माणसाचं मला कसं मालूम असणार?

२८ सप्टेंबर, रविवार

सोयाबीन काढणीची घाई, विहारात कोणी नाही. तरी ललिताबाई पेढे वाटत होती. तिची गाय व्याली, कालवड झाली म्हणे. तिच्याकडे गाय आहे हे मला माहीत नव्हतं. आणि गाईसाठी पेढे! पण तिचं काही सांगता येत नाही. दोन खाल्ले.

जगदेवने टपरीतून हात जोडले. "अभिनंदन, काका!" फॉर्मची बातमी त्याला आठवड्याने कळलेली दिसते. मी मोठ्या मनाने मान हलवली.

रुख्मिणी आज हसली. मग रडली. मग पुन्हा हसली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "कालवड झाली ना."

२ ऑक्टोबर, गुरुवार

अर्धं गाव नागपूरला दीक्षाभूमीवर. रुख्मिणी कधी चुकत नाही, यंदा गेली नाही. वाकळ पूर्ण झाली आहे. घडी करून उशाशी ठेवली आहे, अंगणवाडीत दिलेली नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी अकराला ललिताबाई अभ्यासिकेत आली. सरांचं उत्तर आलं होतं. "सर म्हनतात, ज्याले बोलवायचं हाये त्यानं सोता फोन करावा." चिठ्ठीवर नंबर.

रास्त आहे म्हणालो आणि वाचायला लागलो. पहिले पाच आकडे त्या कंपनीचे, ते पाहूनच कपाळाला आठी पडली. पुढचे पाच वाचले. दोन, पाच, एक, शून्य, सात.

मी चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागे काही नव्हतं.

"हा नंबर कोणाचा?"

"सराचा."

"सरांचं नाव काय?"

"मले कायले इचारता? तुमीच ठेवलं हाये त्याचं नाव."

मी खुर्चीवर बसलो. त्या कंपनीत जाऊन, हवे ते आकडे निवडायची मुभा असताना, पोराने मी तोडलेला नंबर घेतला होता. दोन वर्षं तो नंबर चालू होता आणि मी त्यावर एकदाही फोन केला नव्हता. मग तार पुसायचं वाक्य आठवलं. खात्याच्या भाकरीचं आठवलं. संस्काराचं मी कोणाला वाचून दाखवलं, तेही आठवलं.

"आणि दोन वाजताचा फोन…" मी म्हणालो.

"हुशार हाये माहा भाऊ," ललिताबाई म्हणाली. "उशीर लागते, पन समजते. तुमच्या सिमवर लेकाचं तोंड दिसत नाई, म्हून ते माउली रोज झाडू घेऊन इथं येऊन बसे. जेवाच्या सुट्टीत तो फोन लावे. अर्धा घंटा. तेवढंच. तुमी तेबी तोडलं."

मी डब्याकडे पाहिलं.

"अन् गाय नाई व्याली माही. माह्यापाशी गाय कुठी हाये? नात झाली हाये तुमाले, आठ दिवस झाले. साऱ्या गावानं पेढे खाल्ले. तुमी दोन खाल्ले."

"रुख्मिणीनं पाहिली?"

इथे तिचा आवाज बदलला. "नाई. म्या म्हटलं, माह्या फोनवर दाखवतो. त म्हने, नाई. लेकाचं तोंड चोरून पाह्यलं, नातीचं नाई पाह्यनार. पाहू त दोघं सोबत पाहू, नाई त राहू द्या. आठ दिवस झाले, ते वाकळ उशाशी घेऊन बसली हाये."

मला लाज वाटली. खात्याच्या डायरीत शेरा स्पष्ट लिहायचा असतो, म्हणून तसाच लिहितो. मला फार लाज वाटली.

कॉम्प्युटर लावला. बंद केलेल्या यादीत एकच फोन. उघडताना तो विचारतो, या फोनाचं नाव काय? मी 'रुख्मिणी' लिहिलं. र सापडायला वेळ लागला, चष्मा ओला होता.

घरी गेलो. ती खाटेवर होती. मी दारातूनच म्हणालो, "दोन वाजत आले. झाडायले नाई जायचं का?"

ती उठली, मोबाईल घेतला, वाकळ घेतली. झाडू घेतला नाही.

विहाराच्या मागच्या पायरीवर बसलो, तिची रोजची जागा. चिंचेची सावली आहे, डबा भिंतीच्या पलीकडेच. तिने फोन लावला आणि माझ्यासमोर धरला. मी वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती. बाप म्हणून काय बोलावं, चूक कशी मान्य करावी, तरी थोडा मान कसा राखावा. पडद्यावर संघदीप आला. दाढी वाढलेली, डोळे जागरणाने लाल, अंगात त्याच कंपनीचा शर्ट. खांद्यावर बाळाने दूध ओकलेलं. त्या कंपनीबद्दल माझं मतही तेच आहे.

तो माझ्याकडे पाहत राहिला आणि माझी सगळी वाक्यं पळाली. चौतीस वर्षं खांबावर चढून, जोड मारून झाल्यावर जे विचारत होतो तेच तोंडातून निघालं.

"आवाज येऊन राह्यला का?"

"येऊन राह्यला, बाबा. तुमाले?"

"मले बी."

मग त्याने फोन खाली केला. रूपाच्या मांडीवर एवढंसं लाल तोंड, मुठी आवळलेल्या, कपाळाला आठी. आठी माझी आहे, यात शंका नाही. रुख्मिणी वाकळ पडद्याला लावून माप घेत होती, पुरते का म्हणून. ती हसत होती आणि माझ्या दंडाला तिने घट्ट धरलं होतं. अडीच वाजून गेले, तीन वाजले. कोणी बंद केलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार, आश्विन पौर्णिमा

काल दिवसभर संघदीप फोनवर सांगत होता आणि मी बटणं दाबत होतो. दोनदा भांडलो. पाहुण्यांचं वेगळं जाळं निघालं. मुलांचं जाळं वेगळं, त्याला त्यांचे चार शब्द. गावाचं वेगळं, दुपारी दोन ते चार, ओट्यावर बसून कोणीही. पासवर्ड २५१०७ ठेवायचा म्हणालो. डबा घेईना. या कुलपाला निदान आठ आकडे लागतात म्हणे, आणि संघदीप म्हणाला की फोन नंबर ठेवायचा नाही हे मी लेखी कळवलं होतं. मी म्हणालो, जो साऱ्या गावाला द्यायचा तो लपवायचा कशाला? मग पुढचे तीन आकडे रुख्मिणीने सांगितले.

संध्याकाळी ग्रंथवाचनाची समाप्ती झाली, खीर झाली, अध्यक्षांनी शाल दिली. मी ती घडी मोडली नाही. दिवाळीत संघदीप येतोय, त्याला द्यायची आहे. शर्टावरून घेतली की शर्ट झाकेल.

मग पुंजाजी माईककडे निघाला. मी त्याच्या हातातून माईक काढून घेतला. भोंग्यावर मी जन्मात बोललो नव्हतो, आवाज एवढा मोठा येतो हे माहीत नव्हतं.

"जय भीम. समस्त गावकऱ्यांना कळविण्यात येते की गावासाठी वायफाय चालू झालं आहे. पासवर्ड आहे दोन, पाच, एक, शून्य, सात. पुढे दोन, आठ, नऊ."

जगदेव टपरीतून ओरडला, "काका, पुढचा आकडा कायचा?"

"अठ्ठावीस सप्टेंबर. मला नात झाली."

सगळं गाव हसलं. त्यांना माहीतच होतं. पुंजाजीने माईक परत घेतला आणि आकडे दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा मीच सांगितले.